टनेलला फुगा चालत नाही

आमच्या दुकानात एक मोठा डबा आहे, विनाईलच्या मागचा कागद सोलून टाकायला. सकाळी रिकामा करा, दुपारी भरलेला. किश्श्यांचंही तसंच. मी काही ते जमवत बसत नाही, चालताना पायात येतात.

दुकान कॅनडात, ग्वेल्फ गावाच्या बाहेर, हायवेला लागून. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर पळणारी मोटारसायकल, तिच्यावर आम्ही रंगीत विनाईल चढवतो, म्हणजे मोठा स्टिकरच. सीटखाली ॲल्युमिनियमचा लांब खोका असतो, त्याच्या पोटात पट्टा फिरतो. त्या खोक्याला टनेल म्हणतात. विंटर आला की माझा दिवस टनेलशेजारी वाकण्यात जातो. या कामाला मालक ग्लेन, हरजीत आणि मी. सुमन नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून मी सू.

नोकरी मागायला गेले तेव्हा ग्लेनने अनुभव विचारला. मी चौथी पास. म्हटलं, "तीस वर्षं पोळ्या लाटतेय. तिथे फुगा आला पाहिजे, इथे येता कामा नये. एवढाच फरक."

हरजीतने ते इंग्रजीत करून सांगितलं. ग्लेन हसला नाही. त्याने एप्रन दिला.

*

पहिलं टनेल मी एकटीने केलं एका सोमवारी. आरसा झाला होता नुसता. दोन दिवस बर्फात फिरून गाडी परत आली, कडेने विनाईल सुटलेलं. तेही कसं, एका ओळीत पाच गोल गोल ठिपके.

ग्लेन टॉर्च घेऊन बघत बसला. हरजीतने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या वेणीकडे. "दीदी, संडे को तेल लगाया था?"

लावलं होतं. सकाळी वेणी घातली आणि त्याच हाताने टनेल साफ झालं का ते चाचपून बघितलं. अल्कोहोलने पुसायचं आणि वर खोबरेल लावायचं, असा कारभार.

तेव्हापासून मी तेल शुक्रवारी संध्याकाळी लावते आणि शनिवारी केस धुते. आईने ऐकलं असतं तर शनिवारी केस धुते म्हणून बोलली असती. तिला टनेल कुठे माहीत.

*

एका गिऱ्हाईकाला टनेलवर लांडगा हवा होता. चढवला. बघतो तर लांडग्याच्या डोळ्यावर नेमका रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा गोल डोक्याचा खिळा. डोळा सुपारीएवढा बाहेर.

गिऱ्हाईक म्हणाला, "हा असा का बघतोय?"

मी म्हटलं, "तुम्ही गाडी कशी चालवता ते त्याला माहीत असणार."

त्याची बायको एवढी हसली की त्याला गाडी तशीच न्यावी लागली.

*

रिव्हेट हेच आमच्या कामातलं खरं दुखणं. सपाट जागेवर कुणीही विनाईल बसवेल. रिव्हेटवर मात्र गरम करून, अंगठ्याने गोल गोल दाबत बसवावं लागतं. एकेका बाजूला रांगच असते त्यांची. राहिली हवा, तर तिथून पाणी शिरतं.

ग्लेनचा नियम आहे, ज्याला रिव्हेट जमत नाहीत त्याने काउंटरला जायचं. आमच्याकडे एकाची पाठ गेली, त्याला तिकडे बसवला. फोन घ्यायचे, फॉर्म भरायचे, ईमेल करायचे. तो खूश आहे. मला फॉर्ममधलं नाव आणि पत्ता एवढंच येतं. म्हणजे मला काउंटरला पाठवणं म्हणजे घरीच पाठवणं.

आणि यंदा माझा अंगठा सकाळी सरळच होईना.

वॉक-इन क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे या अंगठ्याने काही दाबायचं नाही.

"विनाईल?"

"नो."

"पोळ्या?"

"नो."

मी म्हटलं, "मग ठेवलाय कशाला तो?"

त्याने सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद घरी न्यायची सोय नव्हती, मुलगी वाचते आणि मग इंग्रजीत भांडते. दुकानात माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये फेल्टचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे तुकडे असतात, त्यांच्याखाली सरकवला. कुणाला बोलले नाही.

*

मग मी घरून लाटणं आणलं. सासूबाईंचं, शिसवी, जड. त्याला फेल्ट गुंडाळलं आणि तळहाताने ढकलत सपाट भाग करायला लागले. पोळीपेक्षा सोपं, विनाईल चिकटतं तिथेच राहतं. रिव्हेटवर मात्र लाटणं चालेना, लांब पडायचं. ते हरजीत करायचा. "कील मेरे, दीदी, बाकी तुम्हारा." का ते त्याने विचारलं नाही. मीही त्याचे कोपरे करून द्यायचे.

गेल्या शुक्रवारी हरजीतचं पोर आजारी. टनेल अर्धं झालेलं, गिऱ्हाईक सकाळी येणार. मी डाव्या हाताने रिव्हेट दाबायला घेतले. तिन्हींवर विनाईल फाटलं. चौथ्याला मान वर केली तर ग्लेन दारात उभा. किती वेळ, देव जाणे.

"घरी जा, सू," म्हणाला.

शनिवार-रविवार मी जेवले नाही नीट. मुलीने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी.

सोमवारी गेले ती एप्रन पिशवीत घालून, परत द्यायला. टनेल पुरं होऊन गाडी गेलीही होती. टेबलावर माझं लाटणं, कापून दोन तुकडे केलेलं. टोकं घासून गोल केलेली, दोन्हींना माझ्या ड्रॉवरमधलं नवं फेल्ट. एक तुकडा माझ्या डाव्या मुठीत नेमका बसला.

माझं डोकंच फिरलं. "सासूबाईंचं लाटणं कापलंत? विचारायचं तरी. आता मी पोळ्या कशाने लाटू?"

ग्लेन दुसऱ्या टनेलवर वाकलेला होता. मान वर न करता म्हणाला, "डॉक्टरने नको सांगितलंय ना?"