डोमनलालची चकाचक राई

डोमनलालला आळशी माणूस बघवत नसे, आणि आपल्या या गुणाचं त्याला स्वतःलाच फार कौतुक होतं. सालेकशाच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या धानाच्या बांध्या होत्या. बांध्यांच्या वर बोडी, म्हणजे पाण्याचं लहानसं तळं, आणि बोडीच्या वर चढावर मोहाची, तेंदूची राई. आपले पवार पूर्वज माळव्यातून आले आणि निव्वळ मेहनतीवर इथं टिकले, असं तो वाटेतल्या कोणालाही धरून सांगायचा. ऐकणारा बहुधा घाईत असायचा.

फागुनात मोहफुलं टपकू लागली की घरोघरची माणसं आपापल्या झाडाखाली झाडून घेत, कारण पाल्यात पडलेलं फूल हाती लागत नाही. सगळे सावलीपुरतं झाडत. डोमनलालचा खराटा सावलीपाशी थांबेल तर तो डोमनलाल कसला! मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपली त्या सालापासून त्यानं अख्खा चढच झाडायला घेतला. पाला पेटवला, कुजकी खोडं जळणाला नेली, वाळवीची वारुळं लोखंडी सबलीनं फोडली, पायात येईल ते रोपटं उपटलं. मालगुजार होणं नशिबात नव्हतं, निदान आपल्या राईचं तरी राजेपण भोगावं, असा सगळा थाट. दरेकशाहून बाजाराला निघालेली माणसं थांबून बघत आणि म्हणत, "जंगल असावं तर असं!" त्या दिवशी डोमनलाल दोन घास जास्त जेवायचा.

शेजारच्या चढाखाली दुधराम कुणब्याची बोडी होती. माणूस मनाचा चांगला, पण त्याच्या राईत पाल्याचे थर साचलेले, पडलेलं झाड पडल्या जागी. डोमनलालनं त्याला चारचौघांत किती टोमणे मारले असतील, त्याला सुमार नाही.

एका साली पावसानं भादव्यातच पाठ फिरवली. अश्विनात उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या लोंबीत दूध भरू लागलं आणि एकच शेवटचं पाणी हवं होतं. ते मिळालं नाही तर लोंब्या पोचट राहणार, वर्षभराचा भात गेलाच. डोमनलालच्या बोडीत मात्र तळाचा गाळ भेगाळून पडला होता. आणि दुधरामच्या बोडीत आभाळ दिसत होतं.

डोमनलालच्या मनात पहिला विचार आला तो चोरीचा. आळशी माणसाकडे पाणी राहतंच कसं? नक्की गुपचूप पाट फोडून आपलं पाणी वळवलं असणार. तो पाट शोधायला हा दुधरामच्या चढावर पोचला आणि गुडघ्यावर बसून पाला उकरू लागला. हात मनगटापर्यंत आत गेला. वर कोरडी पानं, त्याखाली अर्धी कुजलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती. तिच्यात बुरशीचे पांढरे धागे, गांडुळं, पानाचे तुकडे ओढून नेणारी वाळवी. मूठ आवळली तर बोटांतून ओल उतरली. पावसाचं पाणी या थरानं धरून ठेवलं होतं आणि मुळांच्या वाटेनं थोडं थोडं खाली बोडीला पोचतं केलं होतं.

तो आपल्या चढावर आला. जमीन खळ्यासारखी टणक, माती धुऊन बोडीत गेलेली, मुळं उघडी. मोठ्या मोहाखाली मोहाचं एकही पिल्लू नाही. पाण्याचा चोर सापडला होता आणि बायकोनं, दुलारीनं, धुतलेलं धोतर नेसून तिथंच उभा होता. त्याला इतकी लाज वाटली की त्यानं इकडं तिकडं बघून घेतलं.

संध्याकाळी तो दुधरामच्या दारात गेला. त्याचं तोंड बघूनच दुधराम म्हणाला, "पानी पायजे ना जी? नेऊन घ्या. आपलं तं भरून हाय."

तेवढ्यात दुधरामची बायको रुख्मा नव्या खराट्यांचा भारा घेऊन बाहेर आली. "बरे भेटले भाऊजी. यंदा आमीबी तुमच्यावानी पुरा चढ झाडून काढतो. लोकं आमाले हासून राहिले."

डोमनलालला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचा कित्ता गिरवणार होतं. पाणी मिळालंच होतं, आता गप्प बसायचं की झालं; अब्रूही शाबूत. मग त्याला ती मुठीतली ओल आठवली.

"नोका झाडू, वैनी."

"काऊन?"

"माह्यासारखा येडा गावात एकच पुरे."

रुख्माला वाटलं, हा आमची राई त्याच्या पुढं जाऊ देत नाही. तसं ती बोललीही, ओट्यावर जमलेल्या बायांच्या देखत. मग डोमनलालनं दोघांना आपल्या बोडीवर नेलं. मागं अर्धा मोहल्ला आला. कोरड्या बोडीत उतरून त्यानं गाळाचं एक ढेकूळ उचललं.

"हे माह्या जंगलाची माती. मीच झाडलो, मीच बुडवलो. दुधराम काही करत नाई मनून त्याच्या बोडीत पानी हाय."

लोक पोट धरून हसले. दुधराम तर असा फुगला, जसा काही तो मुद्दामच आळशी राहिला होता. डोमनलालही हसला.

त्या रात्री दुधरामचं पाणी बांध्यांत खेळलं. बांधावर दुलारीनं विचारलं, "आपली बोडी कवा भरन?"

"तेवढी माती बनाले लय सालं लागतीन. आपल्याले नाई दिसत."

"मंग आता कराचं का?"

"पाला पडला तं पडू द्याचा."

तो खाली बसला. आयुष्यात एवढं अवघड काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.