बारा कमी एक लाख

आमचे मामा स्वस्थ बसलेले मी कधी पाहिलेले नाहीत. जेवताना टेबलाखाली त्यांचा पाय हलत असतो, फोनवर बोलताना ते घरभर फिरतात, आणि लग्नाच्या फोटोत मामी अगदी स्पष्ट आली आहे, तर तिच्या शेजारी नवरदेवाच्या जागी नुसता पुसट डाग. अशा माणसाने धंदा कोणता पत्करावा? मोटरसायकलींचे मीटर दुरुस्त करण्याचा. डोळ्याला भिंग लावायचं, श्वास रोखायचा आणि मोहरीएवढे स्क्रू उचलायचे. चाळीस वर्षं ते घराच्या पुढच्या खोलीत हेच करताहेत. दहा मिनिटं काम, दोन मिनिटं फेरी, पुन्हा दहा मिनिटं काम. गल्लीत सगळे त्यांना मीटरवाले म्हणतात.

मी त्यांची भाची. वरच्या मजल्यावर राहते, औषधांच्या दुकानात काउंटरवर असते आणि सुट्टीच्या दिवशी खाली त्यांच्या हाताखाली. जे झालं त्यात माझाही हात होता, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

मामांची मोटरसायकल एक्केचाळीस वर्षांची, लग्नाच्या महिन्यात कोरी घेतलेली. पण गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी किक मारायला साफ बंदी केली. दातांचा एक तरुण डॉक्टर जुन्या गाड्या जमवतो, त्याच्याशी बोलणं झालं. तो रविवारी अकरा वाजता गाडी न्यायला येणार होता. आणि मीटरवर आकडा होता ९९,९८८.

त्या मीटरला आकड्यांची चाकं पाचच. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर सगळी शून्यं. मामीला तेवढं बघायचं होतं. पन्नास हजार झाले तेव्हा ती आईच्या आजारपणामुळे माहेरी होती, आणि मामांनी तो आकडा पेट्रोल पंपावर एकट्यानेच पाहिला. वर मोठ्या कौतुकाने पत्र लिहून तिला कळवलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. ती परत आल्यावर चार दिवस बोलली नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "लाख होतील तेव्हा मी मागे बसलेली पाहिजे." मामा हो म्हणाले. त्यांनी तिला दिलेले बाकीचे शब्द कुठे गेले ते विचारू नका, पण हा त्यांच्या लक्षात होता.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी दोघं निघाली. किक मी मारली. पण गल्लीच्या तोंडाशीच मामीने त्यांच्या खांद्यावर बोट टोचलं. "थांबा हो. आकडा हलत नाहीये."

"वेगाचा काटा तर हलतोय."

"मी काट्याबद्दल बोलतेय का?"

गाडी तिथूनच परत फिरली. मामांचा चेहरा असा झाला होता, की मी हसू दाबून वर निघून गेले. गावाचे मीटर दुरुस्त करणाऱ्याचा स्वतःचा मीटर बंद, आणि तोही बारा किलोमीटर उरले असताना.

त्या दिवसापासून घरात कोणाला चैन नव्हती. मामांनी आधी केबल ओढून पाहिली. ती ठणठणीत होती. नाहीतर वेगाचा काटाही मेला असता. म्हणजे दोष आत. शुक्रवारी त्यांनी मीटरची चकचकीत कडा पातळ स्क्रूड्रायव्हरने गोल फिरत, केसभर केसभर उचलून काच काढली. आतल्या ग्रीसचं मेण झालं होतं. आकड्यांची चाकं त्यात रुतून बसलेली, आणि त्यांना फिरवणारं पितळी दातेरी चाक आपल्या दांडीवर सैल होऊन नुसतं घसरत होतं. दांडी फिरतेय, चाक जागेवर.

"माझ्यासारखंच," मामी चहा ठेवत म्हणाली. "घर फिरतंय, मी जागेवर."

मामांनी ऐकलं नाही. ते उठून फेरी मारायला गेले होते.

शनिवारी दुपारपर्यंत काम झालं. चाकं रॉकेलमध्ये धुतली, दांडीवर कानशीने बारीक चरे पाडले, पितळी चाक हलक्या हाताने ठोकून घट्ट बसवलं, नवं ग्रीस लावलं. आकडे पुन्हा बसवताना त्यांनी मला तीनदा मोठ्याने वाचायला लावले. नऊ, नऊ, नऊ, आठ, आठ. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

यातच मामांचा सगळा स्वभाव आला. जुन्या गाड्या विकणारे दलाल त्यांच्याकडे येत. आकडा जरा मागे घ्या, म्हणत, गाडी कमी चाललेली दिसू द्या. मामा त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावत. "चाललेलं पुसणारा मी कोण?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दलालांनी मग बाकीचं कामही दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, आणि त्याचा त्रास मामांपेक्षा मामीने जास्त काढला. पण चाळीस वर्षांत त्या खोलीत एकही आकडा मागे गेला नाही.

त्यांचा दुसरा नेम होता चाचणीचा. दुरुस्त झालेला मीटर ड्रिलला जोडायचा आणि साठच्या वेगाने पंधरा मिनिटं पळवायचा. त्याशिवाय मीटर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. शनिवारी त्यांनी तेच केलं. केबलचं टोक ड्रिलमध्ये अडकवलं, बटण माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "काटा साठवरून ढळू देऊ नकोस. आलोच."

आणि गेले. कुठे, तर कोपऱ्यावर कोणाच्या तरी गाडीचा आवाज बिघडल्यासारखा वाटला म्हणून.

मी काट्यावर नजर ठेवून बसले. सांगितलंच होतं तसं. साठचा वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, हा हिशेब तिसरीतल्या मुलाला येईल. मला आला नाही. मला काटा दिसत होता, त्याच्याखाली चाकं सरकत होती, आणि मनात एवढंच होतं की वा, मामांनी काय झकास चालू केलाय.

मामा परत आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि ड्रिलची वायर खसकन ओढली. मीटरवर ००००३ होतं.

मामांनी खोलीत चार फेऱ्या मारल्या, मग अंगणात, मग परत खोलीत. मला रडू यायला लागलं, आणि रागही. मी म्हणाले, "मामा, उघडाच आहे अजून. करा ना मागे. मामीला कळायचं नाही."

"मागे करायचं नाही."

"मग तिला काय सांगणार?"

ते ड्रिलमधून केबल सोडवू लागले. मला त्या क्षणी त्यांचा तो नेम, ते वाक्य, सगळं बाहेर फेकून द्यावंसं वाटलं. एकदा पत्राने कळवलं, आता तोंडाने कळवणार.

आणि त्यांनी तसंच कळवलं. मामी भाजी निवडत होती. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, एका पायावरून दुसऱ्या पायावर जात, सगळं सांगून मोकळे झाले. माझं नाव घेतलं नाही. ड्रिल आपणच धरलं होतं म्हणाले.

मामी हात पुसून पुढच्या खोलीत आली. मीटरकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे पंधरा किलोमीटर कोण गेलं?"

"कोणी नाही. ड्रिलवर फिरले."

"गाडी कुठे होती?"

"अंगणात."

"मी कुठे होते?"

मामांनी ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

"आयुष्यभर लोकांना सांगत आलात, चाललेलं पुसायचं नाही. बरोबर आहे. पण हे चाललंय कुठे? हे ठेवलंत तर तुमचा मीटर खोटं बोलतोय." आवाज चढला नव्हता. "मागे घ्या."

मामांनी भिंग लावलं, चिमटा उचलला. पहिल्या चाकाला चिमटा टेकला आणि हात कापायला लागला. ज्या हाताने मोहरीएवढे स्क्रू उचलले, तो हात कापताना मी पहिल्यांदाच पाहिला. तीनदा प्रयत्न केला. मग मामीने चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला. "कुठलं चाक आधी, ते फक्त सांगा."

त्यांनी सांगितलं, तिने फिरवलं. मी वाचलं. नऊ, नऊ, नऊ, आठ, आठ.

रविवारी सकाळी सात वाजता दोघं निघाली. गाडी रुसली तर असावं म्हणून मी माझ्या स्कूटरवर मागे. पाण्याच्या टाकीपुढच्या सरळ रस्त्यावर मामांनी हात वर केला आणि गाडी कडेला घेतली. मीटर ९९,९९९. शेवटचा किलोमीटर संपत आला होता.

"चालवताना माझी नजर रस्त्यावर राहणार," मामा म्हणाले, "आणि तुला खांद्यावरून धड दिसणार नाही. ढकलत नेऊ."

गुडघा दुखत असताना ढकलत! पण त्यांना कोण सांगणार. त्यांनी हँडल धरलं, मी मागून जोर लावला आणि मामी मीटरशी डोकं वाकवून बाजूने चालली. "हळू. अहो, हळू जरा. हललं. पाचही निघालीत वर." मग तिचा आवाज बदलला. "मधलं मागे राहिलंय."

मामा थांबले. नवं ग्रीस, जुनी चाकं. पाचांना एकदम उचलायचं म्हणजे सगळ्यात जड काम, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांनी मामीकडे पाहिलं. तिने काचेवर नखाने दोनदा टकटक केलं. "चला."

आणखी दहा-बारा पावलं गेलो असू.

"आलं," मामी म्हणाली. "या, बघा." मामा वाकले. त्या गोल काचेवर दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती आणि मला मात्र शून्यं दिसलीच नाहीत. मी बघायला गेलेही नाही.

तेवढाच रस्ता परत येऊन आम्ही घरी पोचलो, आणि अकराला दातांचा डॉक्टर आला. मीटर बघून खुश झाला. "बारा किलोमीटर? ही तर कोरी गाडी!"

"एक लाख बारा," मामा म्हणाले. "लिहून घ्या."

डॉक्टर हसला. मामा हसले नाहीत. डॉक्टरने खिशातून कागद काढून आकडा लिहीपर्यंत त्यांनी किल्ली मुठीतून सोडली नाही.

गाडी गल्लीबाहेर गेली. मामा फाटकाशी उभे राहून आवाज ऐकत होते, आमच्या कानांना तो कधीच येईनासा झाला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चौक ओलांडला असेल. तेरा."

"आता ते मोजतील," मामी पायरीवरून म्हणाली. "तुम्ही इकडे या."

ते येऊन तिच्या शेजारी बसले. बसले, पण पाय हलायला लागलाच. मामीने त्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला नाही. तिने हात काढला नाही.