मोकळा केलेला साहेब

"भाभीजी, शशीभाई बस से उतरे नहीं," असं फोनवरचा माणूस म्हणाला, तेव्हा मी सुरमईला मसाला लावत होते आणि फोन कोपरानेच स्पीकरवर टाकला होता. मला वाटलं, डुलकी लागून पुढच्या स्टॉपला गेला असेल. "आ जाएगा भैया," मी म्हणाले. मेसईदहून शिफ्ट संपवून आलेली कंपनीची बस क्वार्टर्सपाशी थांबली होती. सगळे उतरले. खिडकीला डोकं टेकून बसलेल्या शशीला कोणी हलवलं नाही. दमलाय बिचारा, झोपू दे, म्हणून. ड्रायव्हर सीट्स बघत मागे आला तेव्हा कळलं. माझा धाकटा दीर असा गेला, आणि त्याच्या वहिनीने ती बातमी हाताला हळद-तिखट माखलेलं असताना "आ जाएगा" म्हणत ऐकली.

मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा शशी शाळेत होता. म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला अहो वहिनी म्हणायचा. पुढे आम्ही दोघं नवरा-बायको कतारला, दोह्यात आलो, माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रकाशने, त्यालाही ओढून आणलं, आणि तो मेसईदच्या खतांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून जो लागला तो तिथेच राहिला. लग्न जमलं नाही. सासूबाई स्थळं पाठवायच्या, शशी "यंदा लीव्ह नाही" म्हणायचा, असं करता करता केस पिकले. मग त्याच्या घरात साप आला, आणि सासूबाईंनी स्थळं पाठवणं बंद केलं.

इथे कोणी कायमचं मायदेशी निघालं की मागे राहणाऱ्यांच्या घरात काहीतरी येऊन पडतं. आमच्याकडे अशा एक्झिटवाल्यांचा एक सोफा आहे, मरायला टेकलेल्या कुंड्या आहेत आणि एक ट्रेडमिल आहे, जिच्यावर मी टॉवेल वाळवते. शशीच्या फिलिपिनो सुपरवायझरची नोकरी संपली तेव्हा त्याने शशीला साप दिला. कॉर्न स्नेक, बिनविषारी, नारिंगी, अंगावर विटकरी ठिपके. अमेरिकेतली जात, पण हा कुणाच्यातरी पेटीतच अंड्यातून निघालेला. शशीने त्याचं नाव ठेवलं साहेब. "काम करत नाही, दिव्याखाली बसून असतो आणि तापमान जरा इकडचं तिकडे झालं की जेवत नाही," असं कारण त्याने दिलं होतं.

मी पहिल्यांदा साहेबाला भेटायला गेले ती घरून चिकन कापून, मॅरिनेट करून. हात धुतले होते, पण बायकांच्या घाईने धुतले होते. शशी सांगत होता, "वहिनी, थांबा," तोवर मी धीटपणा दाखवायला बोट पुढे केलं आणि साहेबाने ते धरलं. मी जी किंचाळले ती शेजारच्या मल्याळी बाईने ऐकली. शशीने शांतपणे त्याच्या तोंडावर गार पाण्याची धार सोडली, बोट सुटलं, दोन-चार टाचण्या टोचल्यासारखं रक्त आलं.

"त्याची चूक नाही," शशी म्हणाला. "तुम्हाला कोंबडीचा वास येतोय."

"म्हणजे माझी चूक?"

"तुमचीही नाही. तुम्ही वहिनी आहात, हे त्याला कोण सांगणार? वासाचं ज्ञान त्याचं, साबणाची अक्कल आपली."

तेव्हापासून मी त्याच्या घरी गेले की आधी बेसिनकडे जायची. प्रकाश म्हणायचा, देवळात शिरतानासुद्धा ही एवढे पाय धूत नाही. पण शशीचं सगळं असंच होतं. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे लपायला जागा, कारण घाबरला तर सापाला ऊब हवी की आडोसा, यात निवड करायला लागू नये. चढायला फांद्या. झाकणाला कुलूप, कारण फट दिसली की निघणं हा त्याचा धर्म. जिवंत उंदीर कधीच नाही, कारण कोंडलेला उंदीर उलटून सापाला चावतो. फ्रोझन उंदीर आणायचा, कोमट पाण्यात गरम करायचा आणि चिमट्याने असा हलवायचा की साहेबाला वाटावं, आपणच मारला. डोळ्यांवर निळसर साय आली, की कात टाकायची वेळ; तेव्हा हातही लावायचा नाही. "त्याचं सापपण काढून घ्यायचं नाही, आणि त्याला त्याच्या सापपणावर सोडूनही द्यायचं नाही. मधोमध उभं राहायचं," असं तो म्हणायचा. आमची मुलगी सई दोह्यातच वाढली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिला हे फार आवडायचं. मला नाही. माझ्या मनात यायचं, सापाचं तापमान दोन्ही टोकांना मोजणारा हा माणूस उन्हाळ्यात प्लांटवर उभा राहतो, छातीत दुखलं तर अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो, आणि याच्या मधोमध मात्र कोणी उभं राहत नाही. बोलले एकदा. "माझं झाकण उघडंच आहे, वहिनी," म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

प्रकाशला साहेब कधीच पटला नाही. एकदा तो म्हणाला, "एवढा जीव आहे ना त्याच्यावर, मग सोड की वाळवंटात. मुकं जनावर कोंडून ठेवायचं हे पाप आहे."

शशी हसला नाही. "दादा, मला आता गावात नेऊन सोड. बघू कसा जगतो. विहिरीचं पाणी तरी काढता येईल का मला? पेटीत जन्मलेल्याला बाहेर सोडणं म्हणजे मारणंच आहे. फक्त आपल्याला बघावं लागत नाही."

हे वाक्य प्रकाशने ऐकलं होतं. मी साक्षीदार आहे.

शशी गेल्यावर कागदपत्रं झाली, प्रकाश त्याला घेऊन रत्नागिरीला गेला. सईची परीक्षा होती म्हणून मी मागे राहिले. क्वार्टर रिकामं करायचं होतं, तेव्हा साहेब पेटीसकट आमच्या फ्लॅटवर आला. शशीने कधीतरी सांगून ठेवलं होतं, की आपल्याला काही झालंच तर अल वक्राला एक श्रीलंकन इंजिनिअर आहे, सापांतला जाणकार, त्याला फोन करा. मी केला. तो म्हणाला, "मॅडम, फ्रायडेला येतो. तोवर त्याला फार हलवू नका. माणूस बदलला हे त्याला कळतं." मग मी, झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारी बाई, कोमट पाण्यात उंदीर सोडून उभी राहिले. चिमटा धरून मान दुसरीकडे वळवली. साहेबाने तो घेतला. मला त्या दिवशी शशी गेल्यानंतर पहिल्यांदा नीट रडू आलं.

दहाव्याला गावाहून प्रकाशचा फोन आला. खाडीवर पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. कावळे समोरच्या माडावर बसून होते, खाली येत नव्हते. आईला सांभाळतो, म्हणून झालं. घराची डागडुजी करतो, म्हणून झालं. लग्न राहिलं म्हणून कोणीतरी रडलं. ऊन चढलं. तेव्हा चुलत सासरे म्हणाले, "अरे, त्याचा साप आहे ना तिकडे? कोंडलेला जीव मागे ठेवून माणूस सुटेल कसा?" प्रकाशने हात जोडले आणि म्हणाला, "शशी, तुझ्या साहेबाला मोकळं करतो." आणि कावळा आला.

"सगळ्यांच्या देखत आला गं," प्रकाश सांगत होता, आवाज फुटलेला. मी बी.एस्सी. आहे, तरी क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. नंतर विचार केला… उन्हात तेवढा वेळ भात बघत बसलेला कावळा. त्याने कावळ्याचं काम केलं.

प्रकाश परतला तो गुरुवारी सकाळी. बॅग न उघडता पेटीसमोर बसला.

"उद्या तो इंजिनिअर येणार आहे," मी म्हणाले. "त्याच्याकडे राहील चांगला."

"दुसऱ्या पेटीत."

"हो, पेटीतच. शशी काय म्हणायचा, आठवतंय ना?"

"मी शब्द दिलाय, सुमन. आईसमोर. शब्द फिरवला आणि तिकडे आईला काही झालं, तर?"

"शशीला विचारलं असतंस तर नको म्हणाला असता. आणि परक्या देशातलं जनावर असं सोडणं इथल्या कायद्यातही बसत नसेल."

"शशीला विचारता आलं असतं तर पिंड कशाला ठेवला असता?"

सई दारात उभी होती. "बट ही विल डाय, बाबा," ती म्हणाली. प्रकाश तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्याला त्याचं बरोबर कळतं. जनावर आहे ते."

दुपारी आम्ही अल खोरच्या पुढे गेलो. वाळवंटात सोडायला प्रकाशचा जीव होईना. किनाऱ्याला तिवरांची झाडं आहेत, आपल्या खाडीला असतात तशीच, गुडघाभर पाण्यात उभी. ती हिरवळ बघून त्याला बरं वाटलं. "हे बघ, अगदी आपल्याकडच्यासारखं," तो म्हणाला. गावच्या माणसाला तिवरं दिसली की घर आलंसं वाटतं. खारं पाणी, चिखल आणि थंडीचे दिवस… साहेबाचं यातलं काय होतं? ना त्याचं गाव कोकण, ना कतार. त्याचं गाव शशीच्या टेबलावर होतं.

साहेबाला ज्यात घालून आणलं होतं तो उशीचा अभ्रा प्रकाशने कोरड्या वाळूवर ठेवून तोंड सोडलं. साहेब बाहेर आला, वीतभर गेला, आणि थांबला. जीभ बाहेर काढून हवा चाटत राहिला. मग वळला आणि पुन्हा अभ्र्यात शिरला. प्रकाशने अभ्रा उलटा करून झटकला. साहेबाने वाळूत वेटोळं केलं, डोकं आत घेतलं आणि तसाच पडून राहिला. वाऱ्याला गारवा होता. "जा रे," प्रकाश म्हणाला. मग पुन्हा, अगदी शशीशी बोलायचा तशा आवाजात, "जा ना बाबा." मी म्हटलं, "उचल त्याला. आपण घरी जाऊ." त्याने अभ्र्याची घडी केली, खिशात घातली आणि गाडी सुरू केली. शुक्रवारी श्रीलंकन गृहस्थ आला, हातात थर्मोकोलची पेटी, आत गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलेली. मी खरं ते सांगितलं. त्याने पेटी उचलली, बूट घातले आणि गेला.

गावाला सगळ्यांना बरं वाटलं. सासूबाईंना स्वप्नात शशी दिसला, हसरा. "सुटला गो बाय माझा लेक," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकी शांतता होती, की मी "हो आई" म्हणाले. दर फोनला त्या प्रकाशला विचारतात, "कसा गेला रे तो?" आणि प्रकाश दर वेळी सांगतो, "सळसळत गेला, आई. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

पुढच्याच शुक्रवारी तो एकटा अल खोरला जाऊन आला. चपलांना चिखल होता. आता दर सुट्टीला जातो. सकाळी निघतो, ऊन वर आलं की साप ऊब घ्यायला बाहेर येतात, हे त्याला आता माहीत आहे. शशी असताना यातलं काही ऐकून घ्यायचं नव्हतं. आमच्या फ्रीझरमध्ये खालच्या खणात, सुरमईच्या पाकिटांमागे, शशीच्या घरून आणलेला उंदरांचा डबा आहे. परवा मी तो टाकायला काढला. प्रकाशने माझ्या हातातून घेतला, झाकण घट्ट आहे ना ते बघितलं आणि परत मागे सरकवला.

"असू दे," म्हणाला. "भुकेला असेल."