"डॉक्टरकडे ने मले," जाऊ स्वतःच म्हणाली

मैत्रिणींनो, आज सकाळी माझी धाकटी जाऊ, दोन महिन्यांची बाळंतीण, मला म्हणाली, "ताई, लेकराले जवळ घ्यावंसं वाटत नाही. नुसतं रडू येते. डॉक्टरकडे ने मले."

दीर हसला. "नाटकं हायेत. येड्याच्या डॉक्टरकडे गेली तर लोक काय म्हणतीन?"

परवा म्हशीनं एक वेळ चारा खाल्ला नाही, तर हाच शहाणा धावत डॉक्टर घेऊन आला होता. मी त्याला तसं सुनावलं आणि जावेला घेऊन मोताळ्याहून बुलडाण्याची बस धरली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, बरा होतो. स्वतःहून आलात, चांगलं केलंत." औषध सुरू झालं.

घरी येताच दीरानं विचारलं, "कोणी पाह्यलं तर नाही ना?"

बायको कशी आहे, हे नाही विचारलं.

सांगा, आमच्या घरात लाज नेमकी कोणाची वाटावी?