ब्राह्मणपाऱ्यातलं ग्रामर

तपासलेले पेपर दर वर्षी रद्दीत जातात, पण त्यातली चुकलेली उत्तरं काही डोक्यातून जात नाहीत. ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यात, घराच्या पुढच्या खोलीत, मी बी.ए.च्या प्रायव्हेट विद्यार्थ्यांना इंग्लिश शिकवते. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात हो. चुका मात्र ज्याच्या त्याच्या!

पहिली चूक माझीच. क्लासचा बोर्ड रंगवून आला, दारावर लागलाही. आठवड्यानं पल्लवी नावाची पोट्टी म्हणाली, "मॅडम, बोर्डावर ग्रामरचंच स्पेलिंग चुकलंय. यालेच आयरनी म्हणतात का?"

"हव," मी म्हटलं. बोर्ड अजून तसाच आहे. इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात कुठं मिळतं!

*

निखिलला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत. सिमिली, म्हणजे उपमा, शिकवताना मी सांगितलं, चंद्रासारखा चेहरा नको, घरातलं काहीतरी सांगा. तो उठला. "मेरे पापा पंखे जैसे हैं, मॅडम. आवाज ज्यादा, हवा कम!"

सगळे हसले. त्याला न्यायला आलेले पापा नेमके दारातच उभे! निखिलचा चेहरा पार उतरला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलून राहिला, मॅडम. रेग्युलेटर याच्या आईकडे आहे ना!"

*

आपल्या 'करून राहिलो'मुळे प्रेझेंट कंटिन्युअस इथं चटकन समजतो. एकदा देवेंद्रभैया क्लासला आले नाहीत, म्हणून फोन केला. ते शंकर नगरच्या एका ऑफिसात क्लार्क आहेत.

"येऊन राहिलो, मॅडम!" मागून साहेबांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

क्लास संपल्यावर पोचले. मी म्हटलं, "भैया, कंटिन्युअस म्हणजे क्रिया चालू पाहिजे."

"मनात चालूच होती ना, मॅडम!"

*

सुनंदाताई मुलांची लग्नं उरकल्यावर शिकायला आल्या. वर्गात सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत गप्प. पॅसिव्ह व्हॉइसच्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतःबद्दल एक वाक्य लिहायला लावलं. ताईंनी लिहिलं, 'आय वॉज मॅरिड ऑफ ॲट सेव्हन्टीन.' सतराव्या वर्षी माझं लग्न लावून दिलं गेलं.

"छान! आता ॲक्टिव्ह करा. करणारा पुढे आणा," मी सवयीनं बोलून गेले.

त्यांनी पेन उचललं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोणाले आणू, मॅडम? बाबा गेले, काका गेले. ज्यांनी केलं, त्यातलं कोणीच नाही आता."

मी घाईनं म्हटलं, "राहू द्या, ताई."

"काहून? करते ना."

मान खाली घालून त्यांनी एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. मग वही माझ्याकडे फिरवली.

'आय ॲम डुइंग बी.ए. ॲट फिफ्टी-वन.'