भावाचा डावा कान

पाटोद्याला आमचं घर आप्पांच्या गॅरेजच्या मागं होतं, मध्ये फक्त एक पत्र्याचं दार. पुढं ट्रॅक्टर उघडे पडलेले असायचे, मागं आम्ही चौघं: आप्पा, आई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ आणि मी. आप्पांचा हात लई हलका, असं गिऱ्हाईकं म्हणायची. बारीकसा स्क्रूही ते जपून काढत. तो हात आम्ही कधी पाहिला नाही. आमच्यासाठी दाराच्या आतल्या खिळ्याला जुना फॅनबेल्ट अडकवलेला होता.

आईला ते हातानंच मारत. एकदा केस धरून तिचं डोकं रांजणावर आपटलं. रांजण फुटला, आणि घरभर पाणी झालं म्हणून तिला पुन्हा मारलं.

मी पाच वर्षांची असताना आप्पांचा ट्रान्झिस्टर माझ्या हातून फळीवरून पडला आणि फुटला. दुपारी ते जेवायला आले. आम्हा दोघांना त्यांनी भिंतीशी उभं केलं.

"कुणी पाडला बे?"

त्यांचा हात खिळ्याकडं गेला आणि माझं बोट भावाकडं. विचार करायला वेळच नव्हता. भावानं माझ्याकडं एकदा बघितलं. बोलला काहीच नाही.

पहिली थप्पड त्याच्या डाव्या कानावर बसली. तो भिंतीवर आदळून खाली पडला. मग बेल्ट. पाठीवर, पोटऱ्यांवर, आणि त्यानं डोक्यावर हात घेतले तेव्हा बोटांवर. आई मध्ये पडली तर तिलाही. बांगड्या फुटून काचा तिच्या मनगटात घुसल्या. मी भिंतीला चिकटून बघत होते. आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण तसंच वाटत होतं.

कानातून रक्त थांबेना म्हणून आईनं त्याला दवाखान्यात नेलं. "बाजेवरून पडला," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या मनगटाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. पडदा फाटला होता. त्या कानानं त्याला नंतर कधीच ऐकू आलं नाही.

भाऊ आता बीडला रिक्षा चालवतो. रस्त्यात हाणामारी दिसली तर दुसऱ्या गल्लीतून जातो. स्वतःच्या लेकरांना त्यानं कधी हात लावला नाही. मी मात्र पहिलीपासूनच पोरींच्या झिंज्या धरायची. पुढं बीडलाच क्लासमध्ये गणित शिकवायला लागले, तेव्हा टेबलावर स्टीलची पट्टी आपटली की पोरं गार होतात, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी माझ्या चार वर्षांच्या लेकीनं तपासायच्या पेपरांवर नेलपॉलिश ओतलं.

"कुणी केलं हे?"

"बाहुलीनं."

ती खोटं बोलली आणि माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. पट्टी हातात होतीच. पहिला फटका दंडावर बसला. ती ओरडली म्हणून दुसरा. ती पळाली, मी दंड धरून ओढली, तिसरा, चौथा. पट्टीची कड भुवईवर बसली आणि कातडी उघडली. रक्त डोळ्यात उतरलं. तरी माझा हात आणखी एकदा वर गेला होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय झालं गं बाळा?"

"मी पडले," लेक लगेच म्हणाली. तिला हे कुणीच शिकवलं नव्हतं.

"पडली नाही. मी मारलं. पट्टीनं," मी म्हणाले. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. डॉक्टरबाईंनी टाके घातले आणि मला समोर बसवून लई सुनावलं. नवरा दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मी भावाकडं गेले. तो रिक्षा पुसत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "ट्रान्झिस्टर मी पाडलता."

"म्हाईत हाय. मी बघितलतं."

"मग कावून सांगितलं न्हाईस?"

"तू एवढीशी होतीस. तुला त्यो मार सोसला नसता." फडकं पिळत तो थांबला. "पर लई राग आलता तुझा. अजून येतो कधी कधी."

त्यानं माफ केलं असतं तर मला घरी जाणं सोपं झालं असतं. त्यानं तसं केलं नाही, हे बरंच झालं. निघताना तो एवढंच म्हणाला, "पोरीला मारू वाटलं तर मला फोन कर. मी येऊन घेऊन जाईन." आजवर मी सहा वेळा फोन केलाय. सहाही वेळा तो आला.

पट्टी मी घरात ठेवत नाही. पण हात तर अंगालाच आहेत. आवाज चढला की त्यांच्या मुठी वळतात, मग मी जिन्यात जाऊन उभी राहते.

लेक दिवसातून दहादा विचारते, "आई, तू रागावलीस?"

आधी मी नाही म्हणायची. तिला ते कळायचं. आता खरं सांगते, "हो, रागावलेय. पण मारणार नाही."

ती माझ्या हातांकडं बघते, आणि एक पाऊल मागं सरकून मगच खेळायला लागते.