हाय, आजोबा?

इंग्रजी शब्दांवर माझ्या मावशीच्या यजमानांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नेरळजवळ त्यांची भाताची शेती. आजूबाजूच्या शेतांत इमारती उगवल्या, काकांच्या शेतात मात्र शब्द उगवले. लेक कॅनडात, तिथंच जन्मलेल्या नातीला मराठी येत नव्हतं आणि काकांना तिच्याशी पोटभर बोलायचं होतं. पुस्तकातला शब्द डोक्यात राहत नाही म्हणून ते तो समोर दिसेल त्याला चिकटवून टाकायचे. चरवी भरून दूध देणारी उदार म्हैस 'मॅग्नॅनिमस' झाली, कधीही ढासळेल असा ओढ्याकडचा बांध 'प्रिकेरियस' आणि सकाळी माथेरानच्या डोंगरावर तरंगणारं, या जगातलं न वाटणारं धुकं 'इथीरिअल'. ते धुकं बघत काका ओट्यावर असे हरवून बसत की हातातला चहा गार होऊन जाई. मावशीला ही सगळी नावंच वाटत. ती खुशाल विचारायची, "अवो, मॅग्नॅनिमसला पेंढा घातला का?" तिला स्वतःला त्यांनी 'इन्डिस्पेन्सेबल' म्हटलं, म्हणजे जिच्यावाचून चालत नाही अशी, तेव्हा मात्र ती शिवी समजून संध्याकाळपर्यंत रुसली होती.

रविवारी सकाळी नातीचा फोन यायचा. काका ठेवणीतला सदरा घालून बसत आणि थेट 'इथीरिअल'पासूनच सुरुवात करत. पोर बिचारी लगेच फोन आईकडे देऊन टाकायची. एवढे जड शब्द त्या वयात तिला तरी कुठले ठाऊक असणार? फोन ठेवल्यावर काकांच्या तोंडाकडे बघवत नसे.

एकदा ती नेहमीसारखी "हाय, आजोबा?" म्हणाली आणि काकांना ऐन वेळी एकही शब्द आठवेना. आमच्याकडे 'आहे'ला 'हाय'च म्हणतात. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाय गं, इथंच हाय." तिला वाटलं, आजोबा आपल्यालाच हाय म्हणतायत. ती हसून पुन्हा हाय म्हणाली. मग काकांनी विचारलं, "धुकं हाय का गं तिथं?" ती म्हणाली, "हाय." तेवढ्या एका शब्दावर दोघांचं कितीतरी वेळ चाललं. फोन ठेवून काका मला म्हणाले, "बोलली रं माझ्याशी."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. नातीला सांगितलं होतं, तरी पुढच्या फोनला सवयीनं ती म्हणालीच, "हाय, आजोबा?" मावशी फोन कानाला धरून डोंगराकडे बघत राहिली. तिथं इथीरिअल तरंगत होतं.

"हाय गं," मावशी म्हणाली. "इथंच हाय."